चिंचेनं घासलेलं पितळ

इतकी लख्ख... चन्नप्पांनी काडतुसाची रिकामी पुंगळी अंगठ्यात आणि बोटात धरून उजेडाकडे फिरवली, पुन्हा एकदा फिरवली — बुडापासून बोटभर वर जिथे ती बारीक उजळ रेघ दिसायची, किंवा दिसायची नाही, आणि दिसली नाही की जिवाला बरं वाटायचं, तिथे आज नुसतं गुलाबीसर पितळ होतं, तोंडापासून बुडापर्यंत एकसारखं, नव्या नवरीच्या कळशीसारखं. मानेवरची निळसर-तपकिरी झाकही गेली होती. ती झाक म्हणजे मानेला शेक देऊन पितळ मऊ केल्याची खूण. नवख्याला तो डाग वाटतो, जाणत्याला दिलासा. डागही गेला आणि दिलासाही. अंगणात जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर पन्नासच्या पन्नास पुंगळ्या उन्हाला पसरलेल्या होत्या आणि न्हाणीपासून उंबऱ्यापर्यंत चिंचेचा आंबूस वास सुटला होता.

हे भागम्माचं काम. पहाटे उठून तिनं चिंच भिजवली, चुलीतली राख चाळून घेतली आणि नातीच्या पिशवीतल्या पुंगळ्या एकेक करून घासल्या, जशी ती सणाच्या आदल्या दिवशी घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी घासते तशी. चन्नप्पा पूजा आटोपून बाहेर आले तेव्हा ती पदराला हात पुसत उभी होती, आणि चेहऱ्यावर असं समाधान की कुणाची छाती होती बोलायची. काळ्याकुट्ट पुंगळ्या घेऊन पोरगी चार माणसांत जायली, बरं दिसतंय का ते, असं तिनंच वर विचारलं. चन्नप्पा म्हणाले, छान झाल्या. दुसरं काय म्हणणार? पन्नास वर्षं जिनं आपल्या घरातलं पितळ काळं पडू दिलं नाही, तिला आता सांगायचं की बाई, हे पितळ काळंच हवं होतं?

पण हवं होतं. गोळी सुटून जाते आणि पुंगळी मागे राहते. ती पुन्हा भरता येते, दोनदा, चारदा, पितळ चांगलं असलं तर त्याहून जास्त. मात्र प्रत्येक बार उडताना ती थोडी ताणली जाते आणि बुडाच्या वर आतून झिजत जाते, बाहेरून तिथे उजळ रेघ दिसते. झिजलेली पुंगळी ओळखू आली नाही तर एक दिवस ती रायफलीच्या आतच फाटते, आणि जो जाळ पुढे जायचा तो मागे येतो — जिथे गाल टेकलेला असतो, जिथे डोळा असतो. ऋतुजाचा गाल. ऋतुजाचा डोळा, जो लहानपणी झोपेतसुद्धा अर्धा उघडा असायचा आणि भागम्मा तो हळूच मिटवायची...

ऋतुजा त्यांच्या मुलाची, रुद्रेशची, थोरली. कॉलेजात असताना एन.सी.सी.त तिच्या हाती रायफल आली ती सुटलीच नाही. आता ती संभाजीनगरला एका शाळेत खेळ शिकवते आणि तिथल्या रायफल क्लबात जाते. क्लबाकडे काडतुसं भरायचा परवाना आहे, भरणारा माणूस आहे, पण पुंगळी चांगली की वाईट हे ज्याचं त्यानं बघायचं. आणि ज्याच्या घरात चन्नप्पा आहेत त्यानं दुसऱ्या कुणाला कशाला विचारावं? खानदेशातल्या काडतुसांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पुंगळ्या तपासल्या होत्या. म्हणून महिन्यातून एका शनिवारी ती गंगाखेडला घरी उतरते, रात्री आजीच्या हातचं जेवते, रविवारी अप्पा तिच्या पुंगळ्या निवडतात आणि दुपारच्या गाडीनं ती परत जाते. चन्नप्पा महिना मोजतात तो या शनिवारापासून त्या शनिवारापर्यंत.

यावेळी मात्र मंगळवारी राज्याच्या संघाची निवड आहे. तिला तीस पुंगळ्या हव्यात. तिच्याकडे या पन्नासच उरल्यात, कारण गेल्या दोन वेळेला अप्पांनी निम्म्याहून जास्त बाद केल्या, आणि असल्या पुंगळ्या मागवून यायला सहा सहा महिने लागतात.

निम्म्याहून जास्त... त्या तेवढ्या वाईट होत्या का? घरात सगळे म्हणाले, अप्पांची नजर म्हणजे नजर, नातीचीसुद्धा गय केली नाही. रुद्रेशनं तर दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. आणि मी ते ऐकून घेतलं. पाठीला उशी लावून, मिशीवरून हात फिरवत ऐकून घेतलं.

खरं असं होतं की पुंगळीचा निवाडा डोळ्यानं अर्धाच होतो. उरलेला अर्धा तारेनं. टोकाशी जरासा वाकवलेला बारीक तारेचा तुकडा पुंगळीत सोडायचा, बुडापासून भिंतीला घासत वर आणायचा. कुठे झीज असेल तर टोक तिथे किंचित अडखळतं. किंचित, म्हणजे जेवताना दातात केस आला तर जेवढं कळतं तेवढं. कारखान्यात हे त्यांना तिथल्या जुन्या तपासनिसांनी, तात्यारावांनी शिकवलं. डोळा माणसाची मर्जी राखतो, बोट राखत नाही, असं तात्याराव म्हणायचे. आणि चन्नप्पांचं बोट खरोखरच कुणाची मर्जी राखत नव्हतं, परवापरवापर्यंत.

आधी पायांची जाणीव गेली. बाजारात एका पायातली चप्पल निसटली आणि हे तसेच धान्याच्या मोंढ्यापर्यंत चालत गेले. भागम्मा हसून हसून बेजार झाली. शुगर आहे, चालायचंच. मग आषाढात एका सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसले, उजव्या हातानं पाणी घातलं, आणि वाट बघत राहिले. सात-आठ वर्षांचे होते तेव्हापासून रोज सकाळी तळहाताला ते गार पाणी लागलं की अंगातून एक बारीक शहारा जायचा. त्यालाच ते लहानपणी देव म्हणत. त्या दिवशी शहारा आला नाही. त्यांना वाटलं, पाणी पडलंच नाही. खाली बघितलं तर मांडी भिजलेली होती. विभूतीत बोटं बुडवली, तर विभूती आहे की नुसती हवा हे बघून ठरवावं लागलं... कुणाला सांगितलं नाही. भागम्माला सांगितलं असतं तर तिनं रुद्रेशला सांगितलं असतं, रुद्रेशनं फोन लावला असता, आणि मग ऋतुजानं पुंगळ्यांची पिशवी इकडे आणली नसती. म्हाताऱ्याला उगीच त्रास कशाला, असं अगदी मायेनं म्हणाली असती ती.

तेव्हापासून ते डोळ्यावर निभावत होते. रेघेची नुसती शंका आली तरी बाद. तार आत सोडायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे — सगळं सोंग. चुकून वाईट पुंगळी पुढे जाण्यापेक्षा चांगली बाद झालेली परवडली. यात खोटं काही नव्हतं. खोटं एवढंच होतं की त्यामुळे पोरीचा सराव निम्म्यावर आला आणि ती निमूट राहिली.

आणि आज भागम्मानं डोळ्याचंही काम काढून घेतलं होतं. चिंचेनं रेघ न् रेघ पुसली गेली होती. उरली होती तार, आणि तार धरायला ही बोटं... ही बोटं म्हणजे आता हातमोज्यात ठेवलेली दुसऱ्या कुणाची तरी बोटं.

तरी ते बसले. एक पुंगळी चांगली म्हणून उजवीकडे ठेवली, एक बाद म्हणून डावीकडे. पुन्हा एक उजवीकडे. कशावरून? कशावरूनच नाही. सातव्या पुंगळीला त्यांचं त्यांनाच भ्याव वाटलं आणि त्यांनी सगळ्या परत एकात मिसळल्या. अशा वेळी तात्याराव आठवावेत हे काही नवल नव्हतं. पण आठवले ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातले. हातातली तार चन्नप्पांच्या पुढ्यात टाकायचे आणि म्हणायचे, तू बघ रे, मी चहा पिऊन येतो. दिवसातून पाच पाच वेळा चहा. पोरं हसायची, म्हातारा कामचुकार झाला म्हणायची. मीही हसलो होतो की... चहा पिताना त्यांचा कप दोन्ही हातांत धरलेला असायचा, घट्ट, पडेल म्हणून. ते आज दिसलं, पस्तीस वर्षांनी.

ऋतुजा केस पुसत बाहेर आली आणि त्यांच्याजवळ खाली बसली. पुंगळ्या बघून तिच्या कपाळावर क्षणभर आठी आली. मग तिनं आत, आजीच्या दिशेनं बघितलं आणि आठी गेली. किती निघतील, एवढंच तिनं विचारलं.

चन्नप्पांच्या तोंडात वाक्य तयार होतं. पितळ दमलंय, टाकून दे सगळ्या. कडक, जाणकार वाक्य. त्याला कुणी उलट विचारणार नव्हतं, आणि पोरीच्या डोळ्यालाही धोका नव्हता. फक्त मंगळवार जाणार होता. ते म्हणाले,

"पितळ दमलंय, माय."

"सगळंच?"

त्यांनी मान डोलावली.

तिनं अंगणाकडे बघितलं. मग केसांचा पंचा गुडघ्यावर घडी करत म्हणाली, "बरं. तुमी म्हणताव तर ऱ्हाऊ द्या. पुढच्या वर्षी बघू."

ती रुसली असती तर निभावलं असतं. भांडली असती, एकदा पुन्हा बघा म्हणाली असती, तर त्यांनी आवाज चढवला असता आणि त्या आवाजात लपले असते. पण ती घडी करत राहिली, कड जुळवून, आजीसारखी. हिनं माझ्या शब्दावर एक वर्ष सोडून दिलं, चन्नप्पांच्या मनात आलं, आणि माझा शब्द पोकळ आहे. त्यांना रडू येत होतं. या वयात ते इतक्या पटकन येतं याची त्यांना लाज वाटली.

"मला कळंना झालंय," ते म्हणाले.

"काय?"

"बोटाला. तार अडली का न्हाई... कळंना. आषाढापासनं." आणि मग, कारण अर्धं सांगून भागणार नव्हतं, "मागच्या टाकल्याल्या बी चांगल्या असत्याल काही."

आत भागम्माचं लाटणं थांबलं. ऋतुजानं त्यांचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि बोटांची टोकं एकेक करून दाबून बघितली. हे कळतंय का, असं तिनं विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत राग होता की दुसरं काही, हे त्यांना ओळखता आलं नाही. तिच्या सरावाचे दोन महिने होते ते, राग असता तरी तो तिचा हक्क होता. मग तिनं तार उचलली आणि म्हणाली, "कशी धरायची, सांगा."

त्यांनी सांगितलं. अंगठ्यात जोर नको. तार ओढायची नाही, तिची ती येऊ द्यायची. ती घाई करत होती. बंदुकीचा घोडा इतका सावकाश दाबणारी पोरगी तारेला मात्र झाडूसारखी फिरवत होती. पहिल्या चार पुंगळ्यांत तिला काहीच कळलं नाही आणि ती तसं स्पष्ट म्हणाली. पाचवीला तिचा हात थांबला. मागे गेला, पुन्हा वर आला, पुन्हा तिथेच थांबला.

"हितं... हितं खड्डा लागायलाय, अप्पा."

असेल. नसेल. तिच्या हातातल्या पुंगळीत काय आहे हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. तिनं ती डावीकडे ठेवली. सहावी तपासून उजवीकडे ठेवली, आणि ती फार लवकर ठेवली असं चन्नप्पांना वाटलं. त्यांचा हात पुढे झाला, ती पुंगळी उचलायला — उचलून काय करणार होते? — आणि त्यांनी तो परत मांडीवर घेतला. पुन्हा बघ, असंही म्हणाले नाहीत. सातवी. आठवी. तीस निघतील की नाही, ती पुढच्या शनिवारांना येईल की नाही, मंगळवारी त्या पितळाशेजारी गाल टेकवून ती श्वास रोखेल तेव्हा... भीती गेली नव्हती. छातीत होती तिथेच होती, उलट वाढलीच होती. पण आषाढापासून ते स्वतःसाठी भीत आले होते, आणि आता, तिच्या चालत्या बोटांकडे बघताना, ते फक्त पोरीसाठी भीत होते.