गावकीच्या खोलीतली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. घाटकोपरला भटवाडीत आमच्या कोकणातल्या गावाची एक खोली आहे. तिच्या पोटमाळ्यावर माझी गुंडाळी पडलेली असते.

तुरुंगातल्या मागावर कैद्यांनी मला विणलं. गिरणीत राबणाऱ्या गावकऱ्यांनी मला इथे आणलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा भरायची. माझ्यावर प्रत्येक घराची जागा ठरलेली असे. भांडणंही होत. एकदा दोन भावांच्या ओढाताणीत माझी किनार उसवली. पण एखादी जागा रिकामी दिसली की गावाच्या मंडळाचे अध्यक्ष धोंडूअण्णा म्हणत, "थांबा रे. कोण नाय आला ता बघा." मग त्या घरातलं माणूस बोलावून आणत आणि नंतरच ठराव होई.

पुढे सभा फोनवर भरू लागली. कोणी मरोळला, कोणी मालाडला राहायला गेलेला. त्यांची सोय झाली, हे मलाही कळतं. पण मला खाली काढणं थांबलं. धुळीने माझा लाल रंग ओळखू येईना.

यंदा शिमग्याआधी एका रविवारी कुलूप उघडलं. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन आमच्या गावच्या जानकीकाकी सभेसाठी आल्या होत्या. त्यांनी मला झटकून अंथरलं आणि आपल्या जागेवर बसून वाट पाहिली. कोणीच आलं नाही. उन्हं कलल्यावर मंडळाचा सचिव प्रीतम आला. शेजाऱ्यांनीच त्याला कळवलं होतं.

"काकी, सभा मागेच झाली ना. शिमग्याला कोण गावचं घर उघडणार, ते ग्रुपवर विचारलं होतं. तुमचं उत्तर नाही आलं, म्हणून देवाची पालखी ज्या घरी जाणार, त्या यादीत तुमचं घर नाही धरलं."

"कोणाला विचारलंस?"

"तुमचा नंबर आहे ना ग्रुपमध्ये."

"तो यांचा नंबर, रे. हे गणपतीत गेले ना."

प्रीतमने ग्रुप उघडून पाहिला. काकांच्या श्रद्धांजलीचे निरोपही सगळ्यांनी त्याच नंबरवर धाडले होते. तो फोन कपाटात बंद पडला होता.

आमच्या गावात मरण झालेल्या घरी शिमग्याला देवाची पालखी आल्याशिवाय पुढचा सण करत नाहीत. पालखी चुकली असती, तर काकींच्या घरात वर्षभर गोडधोड शिजलं नसतं. काकी रडल्या नाहीत. नुसत्या माझी उसवलेली किनार चाचपत बसल्या. प्रीतम चपला काढून त्यांच्यासमोर बसला. धोंडूअण्णा आता गावीच असतात. काकींचं घर यादीत घ्यायला त्याने त्यांना फोन लावला आणि खालमानेने बराच वेळ बोलणी खाल्ली.

पालखी काकींच्या अंगणात नाचली. शिमग्यानंतर प्रीतम त्यांना नवा फोन शिकवायला इथे घेऊन आला, तेव्हा मला हे कळलं. माझ्यावर बसूनच काकी फोन शिकल्या. बोट भलतीकडे पडलं की स्वतःच हसत होत्या. जाताना प्रीतमने त्यांना ग्रुपमध्ये घेतलं आणि दोघांनी मिळून मला गुंडाळलं.

काकींची सोय झाली. तेव्हापासून खोलीचं कुलूप उघडलेलं नाही.

मित्रांनो, फोन जरूर वापरा. पण एखाद्या घराचं उत्तर आलं नाही, तर त्या दारापर्यंत जाऊन या. आणि तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी पडून असेल, तर तिला वर्षातून एकदा ऊन दाखवा. माझ्या एका कोपऱ्याला कसर लागली आहे. ते कळवायला माझा नंबर काही त्या ग्रुपमध्ये नाही.