पिवळं पाणी

खालचा पाइप सुटला आणि घमेल्यात जे काही भळाभळा पडलं ते बघून दत्तोबांनी आधी तोंड फिरवलं, मग शिवी हासडली. त्याला पाणी म्हणायची सोय नव्हती. पिवळट, तांबूस, बुळबुळीत असा काहीतरी राडा, वर गंजाची साय, आणि वास असा की त्यापुढं नासलेली आमटी बरी.

"शी! शी! शी!" करत ते गाडीखालून सरपटत बाहेर आले. बोटं नाकाशी नेली आणि थबकले. "हळद! अगं ए, हळद टाकलीय कुणीतरी रेडिएटरमधी!"

ओट्यावर त्यांच्या पत्नी द्वारकाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांची बोटं क्षणभर थांबली, पण मान काही वर झाली नाही.

"कुणीतरी काय, त्या राजवर्धनाचंच काम! गळती दिसली की वत हळद, अन् दे गाडी परत. लोकाची गाडी, त्याच्या बापाचं काय जातंय?"

वास्तविक राजवर्धनाचा बाप म्हणजे दत्तोबांचा सख्खा धाकटा भाऊ. पण तोंड सुटलं की दत्तोबांना नातं दिसत नसे. पुतण्यानं पंचायतीच्या इलेक्शनात प्रचाराला म्हणून ही मारुती मागून नेली होती. परत आली तेव्हा मागच्या दारावर बाहेरून गुटख्याचे ओघळ, सीटखाली कोंबडीचं हाडूक आणि हॉर्न मुका. दत्तोबांनी फिनेल टाकून गाडी धुतली, पुन्हा धुतली, आणि मागची मॅट तर सरळ उकिरड्यावर नेऊन जाळली. लासुर्ण्यात पुढं आठवडाभर लोक हसत होते. मॅट जाळणारा माणूस गावानं पहिल्यांदाच बघितला होता.

पण दत्तोबांना ओळखणाऱ्यांना त्याचं नवल वाटलं नाही. साखर कारखान्यावर काट्याच्या केबिनीत बसून उसाच्या गाड्या वजन करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्या केबिनीच्या कोपऱ्यात येणारा जाणारा तंबाखू थुंकायचा. दत्तोबा रोज सकाळी स्वतः भिंतीला चुना मारायचे आणि दुपारपर्यंत ती परत लाल व्हायची. घरून स्वतःचा पेला न्यायचे. कॅन्टीनच्या कपातला चहा त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. पंगतीत शेजारचा भुरके मारायला लागला की हे अर्ध्या ताटावरून उठायचे. पोरं त्यांना मागून 'नाकमुरडे तात्या' म्हणत. म्हणेनात का! माणसानं माणसासारखं राहावं, एवढंच दत्तोबांचं म्हणणं होतं, आणि ते कुणाला पटत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर ही जुनी मारुती त्यांनी घेतली ती त्यासाठीच. स्वतःची गाडी, स्वतःची सीट, आत कुणाचा घाम नाही की कुणाची पिंक नाही. किरकोळ दुरुस्तीही ते घरीच करत. गॅरेजवाल्या पोरांचे हात आणि तोंडं, दोन्ही त्यांना चालत नसत.

काल कळंबहून येताना इंजिन तापल्याचा काटा लाल खुणेला टेकला. इंजिनाला गार पाणी पुरवणारा वॉटर पंप महिनाभर घरघरत होता, खालून ठिबकतही होता. आता त्यानं मान टाकली. एरवी दत्तोबांनी आठवडाभर सावकाश काम केलं असतं. पण उद्या द्वारकाबाईंच्या डोळ्यातल्या इंजेक्शनची तारीख होती. रक्तातल्या साखरेनं त्यांचा उजवा डोळा पुरता गेला होता. डावा तेवढा उरला होता आणि दर महिन्याच्या इंजेक्शनवर कसाबसा तग धरून होता. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, तारीख चुकली तर मग माझ्या हातात काही नाही. एसटीच्या पायऱ्या द्वारकाबाईंना चढवत नव्हत्या. लग्नाची दाट तिथ असल्यानं भाड्याची गाडी तर औषधालाही शिल्लक नव्हती. तेव्हा पंप आजच बसायला हवा होता.

नवा पंप इंदापूरहून आणलेला, खोक्यात तयार होता. दत्तोबांनी पुढचं चाक काढलं, गाडीला विटांचा आधार दिला, पट्टे उतरवले आणि जुना पंप उपसून काढला. त्याच्या पात्यांना हळदीचा चिखल लिंपून बसला होता. तो खरवडताना त्यांना दोनदा उमासा आला. नाकाला उपरणं बांधून ते खरवडत राहिले आणि पुतण्याचा उद्धार करत राहिले.

आणि नाव काढायला अन् यायला गाठ पडावी तसा राजवर्धन आलाच. त्याची थोरली पांढरी गाडी फाटकात थांबली. गालात गुटख्याचा बार भरून तो उतरला.

"काय तात्या, ह्या वयात गाडीखाली झोपताय व्हय? द्या की भंगारवाल्याला." त्यानं मान वळवली आणि जास्वंदीच्या बुडाशी पचकन थुंकला. "ऐका, उद्या काकूला मी नेतो बारामतीला. सकाळीच येतो गाडी घिऊन."

दत्तोबांनी जास्वंदीकडं बघितलं. पानावरून तो लाल ओघळ हळूहळू खाली उतरत होता.

"तुझ्या गाडीत? गाडी हाय का पिकदाणी? त्यापरास मी हिला खांद्यावर बसवून नेईन!"

"तात्या, मी आपलं चांगल्यासाठी..."

"तुझं चांगलं बघतोय की सकाळपास्नं! ह्ये बघ!" त्यांनी घमेलं लाथेनं पुढं सरकवलं. "हळद कुणी टाकली हितं?"

"हळद? आईशप्पत तात्या, आमी बॉनेटच उघडलं न्हाय."

"उघडलं न्हाय! म्हंजी पाणी बी बघितलं न्हाय! अन् वर तोंड करून सांगतोय! आरं, जनावर बी जिथं खातं तिथं घाण करत न्हाय. थू तुझ्या जिंदगानीवर!"

कुंपणापलीकडं शेजारच्या बनाबाई धुणं वाळत घालता घालता थांबल्या होत्या. राजवर्धनाचं तोंड उतरलं. ओट्यावरून द्वारकाबाई "अवो, ऐका तर..." म्हणत होत्या, पण दत्तोबांनी हातानंच त्यांना गप्प केलं. पुतण्या गाडीत बसला आणि निघून गेला.

दत्तोबा रागारागानं परत गाडीखाली शिरले. नवा पंप त्यांनी जागेवर बसवला, बोल्ट आवळत आणले. शेवटचा राहिला. तोही आवळून झाला होता खरं तर. हाताला ते कळलं होतं. पण डोळ्यांसमोर तो ओघळ होता, गावाचं ते हसणं होतं, ती जळालेली मॅट होती. "बॉनेटच उघडलं न्हाय म्हनं!" असं म्हणून त्यांनी पान्याला आणखी एक झटका दिला.

कट्‌ असा आवाज झाला. बोल्टचं मुंडकं पान्यात आलं, बाकीचा इंजिनातच राहिला.

"काय तुटलं वो?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"माझं कपाळ!"

त्यांनी पाना खाली आपटला. आता हा तुकडा ड्रिलनं पोखरून काढायला टर्नर पाहिजे, आणि तो बारामतीशिवाय मिळायचा नाही. घरी होण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

द्वारकाबाई भिंतीला हात लावत ओट्यावरून उतरल्या आणि पावलानं जमीन चाचपत गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हळद मी टाकली," त्या म्हणाल्या.

दत्तोबांनी झटकन मान वर केली.

"झाडताना रोज तळपायाला गाडीखाली ओल लागायची. माझा भाऊ रावजी ट्रकच्या रेडिएटरात हळद टाकायचा, त्येची गळती थांबायची. तुमी सकाळी झाकण काढून पाणी भरायचा अन् बॉनेट तसंच ठिवून डेअरीला जायचा. मी चाचपून टाकली. मूठमूठभर."

"आन् मग तोंडात काय मूग धरलं व्हतं? त्या पोराला मी नाय नाय ते बोललो!"

"बोलू दिलं का तुमी मला? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली."

"पर टाकलीसच कशाला? मला सांगायचं!"

"सांगून?" द्वारकाबाईंचा आवाज चढला नाही. "ही गाडी बंद पडली की तुमी काय करनार, मला ठावं हाय. एसटीला नाक, भाड्याच्या गाडीला नाक, पुतण्याला नाक. म्हंजी माझी तारीख गेली. पहिला डोळा कसा गेला माझा? दवाखान्याच्या दारातनं तुमी मला माघारी आणलं. जिन्यात लोकं थुंकलीत म्हून. दुसरीकडं जाऊ म्हनला. जाता जाता किती महिनं गेलं? तुमची किळस माझ्या डोळ्यापरास मोठी हाय. म्हून टाकली हळद."

एवढं बोलून त्या आल्या तशाच चाचपत आत गेल्या.

 तो जिना दत्तोबांना आठवत होता. कोपरे लालभडक, कठड्याला चिकट काहीतरी. आणि आपला दंड धरून उभी असलेली द्वारका, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी बघत असलेली. ते मोरीपाशी गेले. रॉकेल लावून हात धुतले, मग साबणानं, मग लिंबानं. नखांतला पिवळा रंग जाईना. आयुष्यभर जगाची शिसारी धरलेल्या माणसाला आज स्वतःची शिसारी आली, आणि ती कुठल्या साबणानं जाणार होती?

दिवेलागणीला त्यांनी फोन लावला.

"राजू, मी बोलतोय."

"हां, बोला तात्या." पलीकडं काहीतरी चघळल्याचा आवाज येत होता. तो ऐकताच त्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. सुंभ जळाला तरी पीळ कुठं जातो!

"हळद तुझ्या काकूनं टाकली व्हती. मी लय वाईट बोललो तुला."

पलीकडं चघळणं थांबलं. "असू द्या तात्या. सकाळी किती वाजता येऊ?"

सकाळी राजवर्धन आला तो मागच्या सीटवर धुतलेला टॉवेल अंथरूनच. तरी आतला तो गोड, उग्र, कोंदट वास टॉवेलनं थोडाच झाकणार होता! दत्तोबा द्वारकाबाईंना धरून आत बसले आणि काच खाली करायला लागले.

"काच नगं तात्या, काकूच्या डोळ्यात धूळ जाईल," राजवर्धन म्हणाला. आणि मग काच बंद म्हणून त्यानं बाहेर न थुंकता पाण्याच्या एका बाटलीत पिंक टाकली आणि बाटली दोन सीटांच्या फटीत ठेवली. बाटली आधीच्या पिंकांनी अर्धी भरलेली होती. तिला झाकण नव्हतं.

दत्तोबांनी डोळे मिटले. उघडले. बाटली तिथंच होती.

गतिरोधकावर गाडी उडाली. बाटली कलंडली, नेमकी द्वारकाबाईंच्या लुगड्याच्या बाजूला. दत्तोबांचा हात विचार करण्याआधीच पुढं गेला. त्यांनी ती वरच्या वर धरली. थोडं हिंदकळून त्यांच्या बोटांवर आलं, कोमट.

"द्या तात्या, द्या हिकडं," राजवर्धन ओशाळून म्हणाला.

"तू म्होरं बघून चालव."

पुन्हा फटीत ठेवावी तर पुन्हा कलंडणार. पायाशी ठेवावी तर तिथं द्वारकाबाईंची पावलं. दत्तोबांनी बाटली हातातच ठेवली.

"काय धरलंय वो हातात?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"काय न्हाय. तू डोळा मिटून बस."

द्वारकाबाईंनी त्यांच्या खांद्यावर मान टेकली. बारामती यायला अजून बराच रस्ता होता. दत्तोबा ताठ बसले होते. पुढं गतिरोधक दिसला की ते श्वास रोखायचे आणि हात जरा वर उचलून बाटली सरळ धरायचे.