वाचल्याशिवाय गाभा हलवायचा नाही

वामनराव सरांचा एक नियम होता, आणि तो त्यांच्यासारखाच हट्टी होता. धुळपाटीच्या गाभ्यातलं एक अक्षर जरी बदलायचं असलं तरी तो बदल कागदावर छापून अमरावतीला, राजापेठेतल्या त्यांच्या घरी न्यायचा. सर तो मोठ्यानं वाचणार, आणि शेवटी ‘वाचलं’ म्हणाले तरच तो शाळांमध्ये जाणार. ईमेल चालायचा नाही, फोनवर समजावून सांगणं तर मुळीच नाही. पुण्याची दोन हुशार मुलं एकदा मोठ्या उत्साहानं मदतीला आली होती. नियम ऐकून ती चहा प्यायली आणि गेली ती गेलीच.

धुळपाटी म्हणजे सरांनी शाळकरी मुलांसाठी तयार केलेली प्रोग्रामिंगची भाषा. सगळे शब्द मराठी. ‘चाल’ म्हटलं की पडद्यावरची मुंगी चालते, ‘वळ’ म्हटलं की वळते, आणि तिच्या मागे रेघ उमटते. पॉलिटेक्निकात शिकवता शिकवता सरांनी ती रचली आणि निवृत्तीनंतर वऱ्हाडातल्या शाळाशाळांत स्वतः हिंडून बसवून दिली. आता गाभा म्हणजे काय तेही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. मुलानं लिहिलेली ओळ उचलायची, तिचा अर्थ लावायचा आणि यंत्राकडून ते काम करून घ्यायचं, हे करतो तो इंटरप्रिटर. आणि त्याच्या पोटातला जो भाग अखंड हेच करत फिरत राहतो तो गाभा. गाभा बिघडला की प्रत्येक शाळेतली प्रत्येक मुंगी बिघडली.

सरांच्या गाभ्याची एक खोड होती. कुठलीही ओळ करण्याआधी तो त्या ओळीवर बोट ठेवायचा, म्हणजे तिचा आकडा लक्षात ठेवायचा. मग मुलाचं काही चुकलं की पडद्यावर यायचं, ‘बापू, सातव्या ओळीत कायतरी राह्यलं. पुन्हा पाय.’ पाय म्हणजे बघ, वऱ्हाडीत. हे बोट आलं सरांच्या वडिलांकडून. वडील मोठेपणी अक्षरं शिकले. पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत बुद्धविहारात ग्रंथवाचन चालायचं तेव्हा ते ओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि सगळी वस्ती ऐकायची. कंटाळा आला म्हणून वाचणाऱ्यानं पान गाळायचं नाही, हे सर तिथेच शिकले. त्यांचा नियमही तिथलाच.

संध्या त्यांची विद्यार्थिनी. अकोल्यात घरी बसून ती एका कंपनीचं काम करायची आणि उरलेल्या वेळात धुळपाटीचा गाभा सांभाळायची. पगार पहिल्या कामाचा होता, जीव दुसऱ्यात होता. गाभ्याच्या अगदी वरच्या ओळीत प्रत्येक वेळी दोन नावं जायची, ‘लिहिलं: संध्या. वाचलं: वामनराव.’ त्या दोन नावांचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

घोडं अडलं वेगापाशी. शाळांना संगणक देणाऱ्या संस्थेनं नवे धडे आणले, त्यांत एका मुंगीच्या शंभर मुंग्या झाल्या. मुलगी ‘चालव’ दाबायची, शेजारणीशी एक भांडण उरकून यायची, तरी मुंग्या अर्ध्या वाटेवरच. संस्थेचा विपुल गोड बोलायचा आणि गोड बोलूनच कापायचा. “मॅडम, भाषा छानच आहे. पण मुलं थांबत नाहीत हो. जूनपर्यंत वेग वाढला नाही तर आम्हाला दुसरं काही बघावं लागेल.”

संध्यानं गाभा उघडून पाहिला. दोष कुणाच्या अक्कलहुशारीचा नव्हता, पद्धतीचा होता. पोळ्या करणाऱ्या बाईनं दर पोळीला कणकेचा डबा फळीवरून काढावा आणि परत फळीवर ठेवावा, तसं ते चालायचं. तीच ओळ शंभरदा आली तर शंभरदा तिचा अर्थ लावायचा, शंभरदा बोट ठेवायचं. तिनं हिवाळाभर बसून नवा गाभा लिहिला. तो मुलाचा प्रोग्राम एकदाच वाचायचा, त्याच्या छोट्या छोट्या आज्ञा करून ठेवायचा आणि मग नुसत्या आज्ञा पळवायचा. जिथे दोन आज्ञा नेहमी पाठोपाठ येतात तिथे त्यांची एकच करून टाकायचा. बोट दर ओळीला ठेवणं बंद; कुठली आज्ञा कुठल्या ओळीतून आली याचा तक्ता बाजूला असायचा, आणि चूक झाली तरच तो उघडायचा. मुंग्या अक्षरशः उधळल्या. तिनं सगळ्या चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या.

मग मार्चमध्ये छापील पानांचा गठ्ठा घेऊन ती राजापेठेत गेली. दार माणिकबाईंनी उघडलं. सरांची बायको म्हणजे एरवी खणखणीत आवाजाची बाई, पण त्या दिवशी दारातच हळू बोलल्या. “आजकाल विसरून राह्यले व ते. काल मलेच इचारलं, माणिक कुठी गेली म्हून. तू काई बोलजो नको.”

सरांनी मात्र तिला ओळखलं. “ये व, बस. काय उलथापालथ करून आणली?” म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. पहिलं पान खणखणीत वाचलं. दुसऱ्यावर थबकले. “बोट कुठी गेलं?”

संध्यानं तक्त्याचं समजावून सांगितलं. सरांनी मान हलवली, थोडं पुढे वाचलं आणि पुन्हा विचारलं, “पन बोट कुठी गेलं?” तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात जरब नव्हती, भीती होती. आपण हे आत्ताच विचारलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. मोठ्यानं वाचणं तिथेच थांबलं. बोट पानावरून खाली सरकत राहिलं, टेबलावरून फडकं फिरवावं तसं, आणि डोळे खिडकीबाहेर, जिथे क्लास सुटलेली पोरं गाड्यांना किका मारत होती. पानं उलटत गेली. शेवटचं पान आलं तेव्हा सरांनी चष्मा काढला.

“वाचलं,” ते म्हणाले.

ज्या माणसानं आयुष्यात पान गाळलं नाही त्यानं तिच्या डोळ्यांदेखत गठ्ठा गाळला होता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. एक शब्द बोलायला हवा होता. पण काय बोलणार? सर, तुम्ही वाचलं नाही? गुरूच्या तोंडावर, त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या हातचा चहा पिता पिता? संध्या “थँक्यू सर” म्हणाली आणि पानं पिशवीत भरली. जूनची मुदत डोक्यावर होती, चाचण्या पास होत्या, आणि सर स्वतःच्या तोंडानं ‘वाचलं’ म्हणाले होते. एसटी बडनेऱ्याला पोचेपर्यंत तिची स्वतःची समजूत पटलीसुद्धा. रात्र पडायच्या आत नवा गाभा निघाला, माथ्यावर तीच दोन नावं.

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि कौतुकाचा पाऊस पडला. विपुलनं मुंग्यांचे व्हिडिओ पाठवले, संस्थेनं आणखी तीन वर्षं धुळपाटीच ठेवायचं ठरवलं. संध्याला आनंद व्हायला हवा होता. तो व्हायचा, आणि मग कुठूनतरी फडक्यासारखं फिरणारं ते बोट आठवायचं आणि सगळी चव जायची.

जुलैमध्ये दर्यापूरहून शकुन मॅडमचा फोन आला. ह्या तिथल्या शाळेत गणित शिकवायच्या आणि धुळपाटीवर त्यांचा सरांइतकाच जीव होता.

“संध्याताई, हे नवीन धुळपाटी चुकीची ओळ दाखवून राह्यली काय?”

“नाही हो मॅडम. काहून? काय झालं?”

“आचल म्हणून पोरगी हाय माह्या वर्गात. तिची चौथी ओळ चुकली होती. मशीननं सांगितलं पाचव्या ओळीत राह्यलं. तिनं पाचवी पुन्हा लिहिली. तरी पाचवीच. मंग तिनं पाचवी पुसून टाकली. तं तिच्या खालची ओळ वर आली, मशीन म्हणते हेबी चूक. तेबी पुसली. मी दुसऱ्या पोराईकडे होती ताई. मी पाह्यलं तवा पोरीनं चांगल्या चांगल्या ओळी सगळ्या पुसल्या होत्या. चुकीची तेवढी उरली होती. आता ते म्हणते, मले नाई जमत, मी नाई बसत कंप्युटरवर. काय सांगू तिले?”

पाहून सांगते म्हणून संध्यानं फोन ठेवला.

चूक सापडायला वेळ लागला नाही. दोन आज्ञांची एक करताना तक्त्यात आकडा फक्त दुसरीचा राहत होता. पहिली चुकली तरी बोट दुसरीवर. चाचण्यांनी चूक सापडते की नाही एवढंच पाहिलं होतं; ती कुठे दाखवली जाते हे कुणी विचारलंच नव्हतं. दुरुस्ती एवढीशी होती. आणि ती होती नेमकी त्या पानावर, जिथे सरांनी तिसऱ्यांदा विचारलं होतं की बोट कुठे गेलं. आधी तिला सरांचाच राग आला. ह्याच वर्षी विसरायचं होतं का, असं ती चक्क मोठ्यानं म्हणाली. मग स्वतःची इतकी लाज वाटली की ती खुर्चीतून उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. म्हाताऱ्याचं डोकं त्याला सोडून चाललं होतं, त्यात त्याचा काय गुन्हा? तिचं डोकं तर जागेवर होतं, आणि तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

दुरुस्ती लगेच पाठवता आली असती. पण ह्या वेळी नियम पाळायचा, निदान कबूल तरी करायचं, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची पानं छापून घेऊन सकाळच्या गाडीनं ती अमरावतीला गेली.

“जयभीम सर,” ती दारातून म्हणाली.

“जयभीम, जयभीम. या बाई, बसा.”

एवढ्या वर्षांत सरांनी तिला ‘ये व’शिवाय हाक मारली नव्हती. माणिकबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं पाहिलं आणि नजर खाली केली.

तरी ती बोलली. बोलायचं ठरवून आली होती, आता गप्प बसली असती तर जन्मभर बोलली नसती. “सर, मार्चात तुमी वाचलं म्हणाले, पण वाचलं नव्हतं. मले दिसलं होतं. तरी मी तुमचं नाव टाकून पाठवून देलं. त्याच्यात चूक निघाली. एक पोरगी रडून राह्यली त्याच्यापायी.”

सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तसं, अदबीनं. मग हात पुढे केला. “पाहू.”

तिनं पानं दिली. चष्मा लागला, बोट पहिल्या ओळीवर आलं, आणि सर वाचू लागले. आवाज बारीक झाला होता पण शब्द स्पष्ट होते. पहिलं पान झालं. दुसऱ्यावर ते थांबले, मागे गेले, तीच ओळ पुन्हा वाचली आणि पुढे निघाले. डोळे पानावरच होते. हे माणूस वाचतंय, खरंच वाचतंय, असं वाटून संध्याच्या मनात वेडी आशा उभी राहिली. निम्म्या पानावर बोट थांबलं.

“हे कोनं लिवलं?”

“मीनं, सर.”

“चांगलं लिवलं.” त्यांनी पान हळूच तळहातानं सारखं केलं. “वामनरावले दाखवलं काय?”

माणिकबाईंच्या हातात पोह्यांची ताटली होती. ती तशीच राहिली.

दाखवलं म्हणणं सोपं होतं. मार्चमध्ये दाखवलंच होतं की. पण खोटं एकदा पचलं होतं, आता पचणार नव्हतं.

“नाई दाखवलं,” संध्या म्हणाली.

“मंग दाखवा. त्याले इचारल्याबिगर शाळेत पाठवू नका.” सरांनी पानं जुळवून तिच्या हातात परत दिली आणि जरा पुढे वाकले, जणू एखादी खाजगी गोष्ट सांगायची होती. “डोकं खाते तो मानूस. रागावनबी. पन पान गाळत नाई. सकाळच्याले जा, सकाळी बरा असते.”

घड्याळात तेव्हा सकाळचेच दहा वाजले होते. संध्यानं मान हलवली, पोहे खाल्ले, सरांच्या पायाशी वाकली. ते संकोचून “अवं बाई, राहू द्या” म्हणाले. जिना उतरून खाली आल्यावर ती एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभी राहून रडली. रस्त्यावरच्या गाड्यांना तिचं काही पडलेलं नव्हतं.

अकोल्याला पोचल्यावर तिनं आधी दर्यापूरला फोन लावला. आचलला सांगा, तिनं पुसलेल्या ओळी बरोबर होत्या, चूक माझी होती, असं तिनं शकुन मॅडमना सांगितलं. मग गाभा उघडला. मार्चच्या नोंदीतलं सरांचं नाव तिनं आधी काढलं. त्यांनी न वाचलेल्या पानावर ते राहू देणं आता तिला जमणार नव्हतं. नव्या दुरुस्तीच्या माथ्यावर तिनं ‘लिहिलं’पुढे स्वतःचं नाव घातलं. ‘वाचलं’पुढे बराच वेळ काही लिहिता येईना. पण शाळा खोळंबल्या होत्या, दर्यापुरात ते चुकीचं बोट अजून मुलांच्या बरोबर ओळींवर पडत होतं. शेवटी तिनं खरं तेच लिहिलं, ‘कोणीही नाही’, आणि दुरुस्ती पाठवून दिली.