साल खरवडून बघा

यावर तुमच्यापैकी कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. पण तुमच्याच शाळेच्या मागच्या अंगणात एकदा असं झाड लावलं होतं, की त्याचं नाव खुद्द पाखरांनाही सांगता येत नव्हतं. इतकं दुर्मीळ. रानातून आणलेलं बी म्हणजे निव्वळ दगड. मुलांनी ते फरशीवर घासघासून झिजवलं, भिजत घातलं, तेव्हा कुठे मूठभर बियांतून एकच रोप वर आलं.

ते सांभाळायचं मुंगीने. ही सातवीतली पोर, अंगाने काडी, पण जिभेला अशी धार की तिच्यावर पेन्सिलीला टोक काढून घ्यावं.

मुख्याध्यापकांना ती जागा सायकल स्टँडला हवी होती. रोप जगलं तर जागा झाडांची, मेलं तर सायकलींची, असं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. आणि नेमकी रोपाची सगळी पानं गळली.

मुंगी धावत आली. माती उकरली तर आत नुसता चिखल. खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेकाची मान खाली गेली. पाण्याची पाळी एकाच वर्गाची. पण झाड आपलंच म्हणून मिरवायच्या हौसेने प्रत्येक वर्ग गुपचूप बाटल्या ओतून जात होता. लाडाने जीव घेणं म्हणतात ते हेच. तिने चर खणून साचलेल्या पाण्याला वाट करून दिली आणि कुंपणापाशी असं ठाण मांडलं, की पहिलीतली पोरंसुद्धा बाटली पाठीमागे लपवून माघारी फिरली.

पण पालवी काही फुटेना. शेवटी मुख्याध्यापक आलेच. मागे कुदळ घेतलेला गवंडी.

"बाळ, वाळकी काठी आहे ही. हट्ट सोड आता."

"सर, साल खरवडून बघू. आत हिरवं निघालं तर जिवंत."

"आणि नाही निघालं तर?"

"तर मीच उपटते."

बोलून बसली खरी. शेंड्याजवळ नख लावलं. तपकिरी. मध्यावर लावलं. तपकिरीच. गवंड्याने कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. भोवती अख्खी शाळा, पण कोणी शिंकेनासुद्धा. मुंगी गुडघ्यांवर बसली, मातीला लागून बुंध्यात नख रुतवलं आणि डोळे गच्च मिटले.

तर काय सांगू, सालीखालून असा हिरवा उजेड फुटला की गवंड्याच्या हातून कुदळच गळाली. बघता बघता पालवी, पालवीची पानं, एकेक पान छत्रीएवढं. मुख्याध्यापक त्याच सावलीत घाम पुसत म्हणाले, हरलो बाई तुझ्यापुढे. आणि ते झाड आजही तिथे...

"आजोबा," सायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत नात म्हणाली, "तिथे तर आम्ही रोज सायकली लावतो."