नवऱ्याच्या वाटचा चहा

ऑपरेशनच्या दिवशी शिगे उजाडल्यापासून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. आज पाणी तापवायचं नाही, असं तिनं स्वतःला हजारदा बजावलं होतं, तरी किटली गॅसवर चढलीच. डोंगरउतारावरच्या या चहाच्या गावात लग्न होऊन आल्यापासून तिनं नवऱ्याला चहाशिवाय उंबऱ्याबाहेर पडू दिलं नव्हतं. सकाळचा चहा दिवसाचं संकट टाळतो. विसरून निघालात तर सात कोस मागे फिरा, पण पिऊन जा, असं तिथली माणसं म्हणतात. तिचा धाकटा भाऊ एकदा घाईत तसाच निघाला आणि घाटातून परत आलाच नाही. आता डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटात काही म्हणजे काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही.

पोट तिच्या नवऱ्याचं, तामोत्सुचं. त्यातली गाठ काढायची, आणि गाठीबरोबर निम्मं पोटही.

या गावाला आपल्या ठणठणीत म्हाताऱ्यांचा कोण अभिमान! विद्यापीठाची माणसं यायची, दिवसाला किती कप पिता म्हणून विचारायची, आणि तामोत्सु छाती फुगवून सांगायचा, "मोजतो कोण? आमच्या पोटात हिरवा चहा खेळतो, तिथं रोगाला पाय ठेवायला जागा कुठली?" मग वर्षभर वजन उतरत गेलं तरी हा पठ्ठ्या दवाखान्याची पायरी चढेना. गाठ सापडली तेव्हा तो घाबरला कमी आणि ओशाळला जास्त. डॉक्टर अमानो म्हणाले, "चहाचा फायदा असेलही, आजोबा. पण आकडे गावाचे असतात, पोट एकट्याचं असतं." त्याला ऑपरेशनला राजी करताना शिगेच्या आणि तिच्या लेकीच्या, काझुयोच्या, नाकी नऊ आले. शेवटी तो म्हणाला, "एकदाच येईन. पुन्हा पुन्हा नाचवणार असाल तर माझा नाद सोडा."

किटलीचा आवाज ऐकून तो आत आला आणि नेहमीच्या जागी बसला.

"एकटीच पिणार?"

"अहो, तुम्हाला चालणार नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि रिकाम्या हातांकडे बघत राहिला.

त्या हातांकडे तिला बघवेना. घाटातलं ते वळण डोळ्यांपुढे आलं. तिनं त्याच्या मोठ्या कपात चहा ओतला. "दोन घोट फक्त. आणि कुणाला सांगू नका."

"सांगायचं काय त्यात? चहाच तर आहे." त्यानं कप तळापर्यंत रिकामा केला.

काझुयोनं गाडी काढली तेव्हा शिगेला हायसं वाटलं. पण डोंगर उतरेपर्यंत तिला डॉक्टरांचे शब्द आठवायला लागले होते.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "आजोबा, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलंत?"

"काही नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्यांच्या गावात चहा ना खाण्यात धरतात ना पिण्यात. कुणाच्या घरी तीन कप रिचवलेला पाहुणासुद्धा दारात येऊन सांगतो, तिकडं काहीच घेतलं नाही हो. शिगेनं मान खाली घातली. बोलावं तर ऑपरेशन पुढं ढकलणार आणि हा पुन्हा दवाखान्यात यायचा नाही, आणि गाठ काही त्याच्या मर्जीसाठी थांबणार नव्हती. गप्प बसावं तर? तिनं नर्सला बाजूला गाठलं.

"अगं पोरी, चुकून कुणाच्या पोटात काही असलं तर काय होतं?"

"बेशुद्धीत उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, आजी. माणूस दगावतोसुद्धा. का हो?"

"सहज," शिगे म्हणाली.

ती बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. तामोत्सुला ऑपरेशनला नेणारी चाकांची खाट दारातून बाहेर आली तशी तिनं दांडा धरला आणि सोडेचना.

"हे चहा प्यायलेत. मी दिला."

"आई, तू?" काझुयोचं तोंड उघडंच राहिलं.

"चहाला प्यायलं म्हणतं का कुणी?" तामोत्सु खाटेवरून तडकला.

डॉक्टरांनी पुढच्या शुक्रवारची वेळ दिली. घरी येऊन दारात बूट काढताना तामोत्सु म्हणाला, "झाली तेवढी शोभा पुरे. मी येणार नाही."

मग शिगेला घर खायला उठलं. ती मळ्यात जाई आणि पान न खुडताच परत येई. दोष द्यायचा कुणाला? चहा तिनंच दिला, तोंडही तिनंच उघडलं. तामोत्सु समोर बसून चहा पीत राही आणि विषय काढला की उठून जाई.

शुक्रवार उजाडला. तिनं पाणी तापवलं. तामोत्सु आला आणि बसला. अंगात कामाचे कपडे होते की बाहेरचे, हे बघायचा तिला धीर झाला नाही. तिनं त्याचा मोठा कप भरला आणि स्वतःपुढे ओढला. इतक्या वर्षांत त्या कपाला तिनं कधी ओठ लावला नव्हता. तिचा कप धाकटा, नवराबायकोच्या जोडीतला.

"हा माझा कप."

"कप तुमचा, चहाही तुमच्या वाटचा. पिणार मी."

"अन् त्यानं माझं संकट टळेल होय?"

"मला काय ठाऊक? संकट दोघांचं आहे, मग चहा कुणीही प्यायला तर बिघडलं कुठं?" तिनं कप आणखी जवळ ओढला. "तुमच्यामागं मी रोज कुणासाठी पाणी तापवू, सांगा ना."

तिनं कप उचलला. जीभ पोळली तरी ती थांबली नाही, आणि तो तिचा घोटन् घोट बघत राहिला. तिनं कप खाली ठेवला तसा त्यानं तो उचलून वाकडा करून पाहिला.

"तळाशी राहिलाय. तोही संपव."

तिनं संपवला. तामोत्सु उठला. अंगात बाहेरचाच कोट होता.

"काझुयोला म्हणावं, गाडी काढ." बुटांत पाय घालता घालता तो थांबला. जन्मात भांड्याला हात न लावलेला माणूस मागं न बघता म्हणाला, "आणि तो कप तसाच राहू दे. आल्यावर मी विसळीन."