एका फुटाने वाढलेलं गाव

मित्रांनो, गुंडाळून ठेवलेली दिसते म्हणून मला कमी लेखू नका. नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यातली मी जुनी कापडी टेप. कातडी डबीत माझं बालपण गेलं. टोकाला पितळी कडी होती आणि अंगावरचे आकडे इतके ठळक, की आंधळ्यालाही ऐकू जावेत.

माझं काम सरळ. मोजणीदाराने मला भिंतीला लावायचं, लांबी-रुंदी टिपायची, त्यावर घरपट्टी ठरायची. गावाचा सगळा संसार त्यावर चाले. आधी वर्षाचा खर्च धरायचा: रस्ते, नळ, दवाखाना, झाडूवाल्यांचे पगार. इतर उत्पन्न वजा जाता जो खड्डा उरेल, तो घरपट्टीने बुजवायचा. लहान घरांना तेवढी माफी होती.

एकदा एका बंगल्यातल्या कुत्र्याने माझा पहिला फूट कडीसकट गिळला. म्हणतात, ते कुत्रं पुढे फूटभर लांब झालं; निजलं की शेपूट शेजारच्या अंगणात! नवी टेप मागवायची तर अर्ज आले, सह्या आल्या. मोजणीदार म्हणाला, "त्यात काय? दरवेळी एक फूट वजा करीन." थोडे दिवस केला. मग कंटाळला.

तेव्हापासून गावातली प्रत्येक भिंत फूटभर वाढली. कागदावर घरं एकमेकांत घुसली, बोळ नाहीसे झाले. खड्डा बुजून वर पैसा उरला आणि त्यातून पाण्याची टाकी उभी राहिली. मोजणीदाराचा सत्कार झाला. भाषणात मला 'गावाची अन्नदात्री' म्हटलं गेलं.

शिवणकाम करणाऱ्या एका मावशींची खोली तोवर माफीत होती. माझ्या मोजणीने ती माफीबाहेर गेली. घरपट्टी लागली, थकली, आणि खोलीच्या लिलावाची नोटीस दारावर आली.

मावशी आपली शिवणाची टेप घेऊन थेट आमच्या खात्याच्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, मशीन सरकवल्याशिवाय माझं दार उघडत नाही. त्या खोलीचा तुम्ही दिवाणखाना केलात होय?"

त्यांनी मला टेबलावर पसरलं आणि शेजारी आपली टेप ठेवली. चूक उघडी पडली.

"सगळ्यांचे पैसे परत द्यायचे म्हटलं तर?" साहेबांनी मोजणीदाराला विचारलं.

"टाकी विकावी लागेल, साहेब."

साहेब मावशींकडे वळले. आवाजात नुसता मध. "मावशी, अंदाजपत्रक मंजूर झालंय हो. आता भिंती आखडता येत नाहीत. कात्री आहे का जवळ?"

मावशींना वाटलं, आता माझे, खोट्या टेपचे, तुकडे होणार. त्यांनी आनंदाने पिशवीतून कात्री काढून दिली. साहेबांनी मावशींच्याच टेपचा पहिला फूट कचकन कापला आणि आम्हा दोघींना पुन्हा शेजारी ठेवलं.

"बघा बरं, जुळतं की नाही?"

"अगदी तंतोतंत!" मोजणीदार म्हणाला.

लिलावात खोली साहेबांच्या मेव्हण्याने घेतली. त्याच्या वेळी मला डबीतून काढलंच नाही. मोजणीदाराने दारातून नुसती नजर टाकली आणि खोली माफीत बसवली. मावशी कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. ज्याला भिंत नाही, त्याच्याशी माझा संबंध येत नाही.

माझी मात्र उत्तम निगा राखतात. रोज पुसतात, ओल लागू देत नाहीत. तुम्हीही आपल्या वस्तू अशाच जपा, मित्रांनो. त्यातही कात्री जरा जास्त जपा. गोड बोलून कुणी मागितली, तर आधी विचारा, कापायचं काय आहे?