सूज नसल्याची साक्ष

मी हिंदुरावांची चप्पल, उजव्या पायाची. डावी माझ्यापेक्षा शहाणी. ती गप्प राहते. बोलावं लागतंय मला, कारण त्यांचा हात नेहमी माझ्याच पट्ट्यावर यायचा.

मी साध्या दुकानात मिळत नाही. शुगर असलेल्यांना खडा टोचला तरी कळत नाही, म्हणून मऊ रबराची, टाचेमागे चिकटपट्टा असलेली अशी मला मापानं करून घेतात. कागदावर हिंदुरावांचा पाय ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून माझा आकार काढला होता. मला त्याचा अभिमान वाटायचा. आता तो शब्द तोंडातून निघत नाही.

उजनीच्या पाण्याकाठी त्यांची केळीची बाग होती. जन्म अनवाणी गेला. सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात मुलाच्या, युवराजच्या, फ्लॅटवर राहायला आले तेव्हा शुगर निघाली आणि मी पायात आले.

"ही लई गुणाची हाय. पाय सोडत न्हाय," ते म्हणायचे.

"मग भाकरी पण तिलाच मागा की," गोजरबाई, त्यांची बायको, म्हणायच्या.

त्यांनी साखर सोडली, रोज चालायला लागले. पण जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं. "साखर आटोक्यात आहे," ते म्हणाले. "पण शरीरात सूज वाढलेली दिसतेय. शुगरच्या माणसांत ती हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून खराब करते, आणि छातीत दुखेलच असं नाही. हृदयाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा."

हिंदुरावांनी त्यातलं 'सूज' एवढंच घरी आणलं. त्यांच्या गावाकडं सूज पायावर बघतात. अंगठा दाबायचा; खड्डा पडला तर सूज, नाही तर नाही. त्यांनी दाबून बघितलं. खड्डा पडला नाही. मग माझा पट्टा ओढला. तो रोजच्याच जागी बसला.

"बघ युवराज. सूज असती तर हिचा पट्टा पुरला असता का?"

"अण्णा, आतली सूज म्हणाले डॉक्टर."

"आतली भाईर दिसल्याबिगर ऱ्हाती व्हय? केळं आतनं नासलं तरी सालीला कळतंय."

युवराज शिकलेला आहे. तरी माझ्याकडे बघून तोही जरा निवांत झाला. ऑफिसात ऑडिट चाललं होतं. "पुढच्या आठवड्यात जाऊ," म्हणाला.

पुढे हिंदुराव जिन्याच्या वळणावर थांबायला लागले. मानेवर घाम यायचा. गोजरबाई म्हणायच्या, "अवो, आजच जाऊया की." ते पाय पुढे करायचे, "पट्टा बघ." मी काय बोलणार? वाटायचं, आज तरी आवळावं, पायात जाऊच नये. पण मापानं केलेली मी, बरोब्बर बसायचे.

एका सकाळी ते पट्टा लावायला वाकले आणि तसेच कलंडले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. छातीत दुखतंय असं ते एकदाही म्हणाले नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर युवराजला मी घरात नको होते. गोजरबाईंनी ठेवून घेतलं. तो येता-जाता माझ्यावरून नजर काढून घेतो. मलाही त्याच्याकडे बघवत नाही.

परवा खालच्या मजल्यावरचे ईश्वरप्पा आले. त्यांनाही शुगर आहे. साध्या स्लीपरमुळे पायाला जखम झाली होती, आणि पाय हिंदुरावांच्याच मापाचा. त्यांची चप्पल तयार होईपर्यंत ही वापरा, म्हणून गोजरबाईंनीच बोलावलं होतं. त्यांनी पाय घातला, पट्टा लावला.

"बरोबर बसली की अक्का. दम लागतोय थोडा, पण बघा, सूज-बीज काय नाही."

गोजरबाई खाली बसल्या. पट्टा सोडवून त्यांनी मला पायातून काढून घेतलं.

"ते हिला ठावं नसतंय, भावजी. ही पायापुरती हाय. आदी हृदयाच्या डॉक्टरला फोन लावा, मग न्या."

"एका चपलेला एवढी अट?" ईश्वरप्पा हसले.

गोजरबाई हसल्या नाहीत. युवराज आतून आला आणि नंबर लावून फोन त्यांच्यापुढे धरला.

काचा, काटे, तापलेलं डांबर खुशाल माझ्यावर सोपवा. तेवढं मी निभावते. पण छातीतलं मला विचारू नका. मी खोटं बोलत नाही, आणि तरीही माझं ऐकून एक माणूस गेला.

पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणालं. ईश्वरप्पांनी नाव सांगितलं, वय सांगितलं, वेळ मागून घेतली. तोवर गोजरबाईंनी मला हातातून खाली ठेवलं नाही.